ग्रेनाडातली आगोट

एक जून ही तारीख लहानपणी मला कॅलेंडरवर कधी पाहावी लागली नाही; श्रीवर्धनला आजोळी ती माजघरातच दिसत असे. मे महिन्याच्या अखेरीस तिथे तांदळाच्या कणग्या भरलेल्या असत, कांद्याच्या माळा आढ्याला लटकत, सुके बोंबील आणि सोडे घट्ट झाकणांच्या डब्यांत गेलेले असत, मिठाच्या आणि आमसुलांच्या बरण्यांची तोंडे फडक्यांनी बांधलेली असत आणि पडवीत लाकूडफाटा रचून झालेला असे. या सगळ्या खटाटोपाला आजी ‘आगोट’ म्हणत असे. पाऊस लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात, रस्त्यांचा भरवसा राहत नसे आणि चार महिने घराने आपल्याच साठवणीवर उभे राहायचे असे. पुढे पुण्यात सतरा वर्षे राहिल्यावर, आणि फोनवर बोट ठेवताच दहा मिनिटांत दारात दूध येऊ लागल्यावर, तो शब्द माझ्या बोलण्यातून गळून पडला. तो मला परत मिळाला ग्रेनाडा नावाच्या कॅरिबियन बेटावर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही चौघे इकडे आलो. येथील सेंट जॉर्जेस विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात माझ्या यजमानांना शरीरक्रियाशास्त्र शिकवण्याची तीन वर्षांची नेमणूक मिळाली, आणि मुलगी दहा वर्षांची व मुलगा सहा वर्षांचा असताना जे धाडस करणार नाही ते पुढे कधीच करणार नाही, असा विचार करून मी माझी नोकरी सोडली. ग्रेनाडा हे राष्ट्र मुख्य बेट, कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक अशी तीन बेटे मिळून ३४४ चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे यांच्याहूनही लहान. लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. नातेवाइकांपैकी निम्म्यांनी, नावाच्या सारखेपणामुळे, आम्ही स्पेनमधल्या ग्रनाडा शहराला चाललो आहोत असे शेवटपर्यंत गृहीत धरले होते. वडिलांच्या वयाच्या एका काकांनी मात्र चटकन ‘१९८३ साली अमेरिकेने सैन्य उतरवले तेच ना हे?’ असे विचारले, आणि ते बरोबर होते.

स्थलांतराची खरी दगदग बेटाच्या बाजूची नव्हती, वाटेची होती. मुंबईहून इकडे थेट विमान नाही. अमेरिका, इंग्लंड किंवा कॅनडा यांपैकी एका देशातून यावे लागते, आणि भारतीय पारपत्रावर नुसते विमान बदलण्यासाठीही बहुतेक वेळा त्या देशाचा व्हिसा काढावा लागतो. आम्ही लंडनमार्गे आलो. तिथे हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचे विमान घ्यायचे असल्यामुळे चौघांचेही व्हिसे काढावे लागले, आणि ज्या देशात आम्हाला एक रात्रही राहायचे नव्हते त्या देशाला आमची बँकेची खाती दाखवावी लागली. विवाहाचे आणि मुलांच्या जन्माचे दाखले अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालावेत म्हणून सरकारकडून साक्षांकित, करून घेणे, मुलांच्या लसीकरणाची नोंद इंग्रजीत करून घेणे, शाळेचे दाखले सही-शिक्क्यांनिशी आणणे ही कामे कंटाळवाणी असली तरी ती पुण्यातच उरकावीत. इथून कुरिअर पाठवून कागद मागवणे म्हणजे महिनाभराची वाट पाहणे होय.

सामानाच्या बाबतीत एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती आणि ती मी इतरांसाठी मुद्दाम लिहून ठेवते. कॅरिबियनमधील बऱ्याच बेटांवर अमेरिकेसारखी ११० व्होल्टची वीज आहे. ग्रेनाडात मात्र आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे, फक्त भिंतीतली सॉकेटे ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी पिनांची. त्यामुळे मिक्सर इथे उत्तम चालतो. मी तो विकून आले होते. कुकर मात्र आणला होता. त्याच्या रबरी रिंगा दोनच आणल्या, त्या सहा आणायला हव्या होत्या.

पहिल्या काही आठवड्यांत आम्हाला हे बेट फार ओळखीचे वाटले, आणि आता वाटते की त्या ओळखीनेच आमची सर्वांत मोठी फसगत केली. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, नारळ, केळी, आंबे, पाऊस आला की लाल मातीचा वास, वळणावळणाचे अरुंद रस्ते आणि त्यांवर डाव्या बाजूने चालणारी वाहने. डोळे किलकिले केले तर म्हसळ्याचा घाट वाटावा. बाजारातल्या बायकांसमोर ढिगाने पडलेला नीरफणस पाहून मला रडूच आले. डॅशीन नावाचा कंद आपल्या अळूचा, आणि त्याची पाने इथे कॅललू म्हणून विकली जातात. गोल्डन ॲपल हा आपल्या आंबाड्याचा भाऊबंद. हळदीला मात्र इथे ‘सॅफ्रन’ म्हणतात. बाजारात ‘सॅफ्रन आहे, सॅफ्रन’ असे ऐकून मी केशराच्या आशेने पुढे झाले आणि समोर ओल्या हळदीची बोटे पाहून परत फिरले.

या ओळखीच्या फळाफुलांमागचा इतिहास मात्र आपला नाही, हे हळूहळू लक्षात आले. नीरफणस इकडे आला तोच मुळी गुलामांना स्वस्तात खाऊ घालण्यासाठी. ब्लाय नावाच्या ब्रिटिश कप्तानाने १७९३ मध्ये त्याची रोपे ताहितीहून शेजारच्या सेंट व्हिन्सेंटवर आणली. सुरणासारखे कंद, रताळी, डॅशीन, कच्ची केळी यांना इथे सरसकट ‘प्रोव्हिजन’ म्हणतात. मळेवाले गुलामांना डोंगरउतारावरचे तुकडे देत आणि आपले पोट आपण भरा म्हणत, त्या तुकड्यांवर जे पिके ते प्रोव्हिजन. म्हणजे शब्दाचा अर्थ पाहिला तर बेगमीच, पण ती कोणाच्या जिवावर आणि कशासाठी केलेली होती ते आठवले की आजीच्या माजघराशी तिची तुलना करताना जीभ अडखळते.

भारतीय लोकही इथे येऊन गेले आहेत. १ मे १८५७ रोजी ‘मेडस्टोन’ नावाचे जहाज करारबद्ध मजुरांना घेऊन बेटाच्या उत्तर किनाऱ्याला लागले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत अशी आणखी जहाजे आली. त्यांच्या वंशजांची भाषा गेली, बहुतेकांचा धर्मही बदलला. राहिली ती रोटी, डाळ आणि रश्शातले चणे. आमच्या गल्लीच्या टोकाला रोटी विकणाऱ्या बाईंनी मी भारतातून आले हे कळताच माझा हात हातात घेतला आणि मग अगदी गंभीरपणे विचारले, ‘तुमच्याकडे रोटी मिळते का?’

आता मुख्य गोष्टीकडे येते. एवढे पिकणारे बेट असूनही इथली दुकाने जहाजावर चालतात. गहू, तांदूळ, डाळी, दूध भुकटी, कांदे-बटाटे, औषधे, खिळे, नळाचे वायसर, वह्या, सगळे बाहेरून येते. ज्या आठवड्यात जहाज लांबते त्या आठवड्यात फळीवर कांद्याच्या जागी कांद्याची पाटी तेवढी असते. पहिले तीन महिने मी पुण्याच्या सवयीने, लागेल तेव्हा लागेल तेवढेच आणत राहिले, आणि तीन महिने आमच्या घरात काही ना काही संपलेलेच असे. फुलकोबीची किंमत तर रुपयांत मोजू नये. एक पूर्व कॅरिबियन डॉलर म्हणजे तेव्हा तीस-एकतीस रुपये होते, आणि अमेरिकी डॉलरशी त्याचा २.७० हा दर १९७६ पासून जो बांधलेला आहे तो हललेला नाही, एवढे सांगून तो विषय सोडते.

इथले लोक हे कसे निभावतात याचे पहिले उत्तर मला नाताळाच्या आधी मिळाले. बंदरावर निळ्या आणि तपकिरी पिंपांच्या रांगा लागल्या होत्या. ब्रुकलिन, टोरांटो, लंडन येथे राहणारे नातलग वर्षभर थोडे थोडे सामान एका पिंपात भरतात, तांदूळ, तेल, साबण, बूट, चॉकलेट, आणि नाताळाला ते घरी पाठवतात. सरकारही त्या दिवसांत अशा पिंपांवरच्या करात सवलत देते. पूर्वी कोकणातल्या घरांचे डोळे जसे मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीकडे लागलेले असत, तसे इथे पिंपाकडे लागतात. आमच्या घरमालकीणबाईंनी त्यांच्या पिंपातून मला पाच किलो बासमती दिला. त्याच दिवशी रात्री साडेआठला, म्हणजे तिकडे सकाळी सहाला, मी चिपळूणला आईला फोन करून आजी आगोटीला काय काय आणि किती भरत असे ते वहीत उतरवून घेतले. आईला आधी हसू आले, मग तिला कीड न लागण्यासाठी डाळींत काय घालायचे ते सगळे सविस्तर आठवू लागले.

घरमालकीणबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत. माझी मुले त्यांना ‘टँटी’ म्हणतात, म्हणजे मावशी किंवा काकू. फ्रेंचांनी हे बेट १७६३ मध्ये इंग्रजांना दिले, पण असे काही शब्द मागे ठेवले. टँटींनी आम्हाला पहिली शिकवण दिली ती साठवणीची नव्हे, बोलण्याची. दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात शिरताच सगळ्यांना मिळून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे आणि मग कामाचे बोलायचे. माझ्या मुलीने एकदा दुकानदार बाईंना थेट ‘पाव आहे का?’ असे विचारले, तर त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. ‘गुड आफ्टरनून’ म्हटल्यावर पाव निघाला. ही नुसती रीतभात आहे असे मला तेव्हा वाटले होते. पण एवढ्याशा बेटावर कोणाचे जहाज कधी येणार, कोणाच्या टाकीत पाणी आहे, कोणाकडे जादा गॅस सिलिंडर आहे ही माहिती ज्याच्या त्याच्या तोंडी असते, आणि जो नमस्कार करत नाही त्याच्या कानावर ती पडत नाही.

मुले लवकर रुळली, त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. गणवेश, प्रार्थना, रांगा, गृहपाठ सगळे ओळखीचे. भालाफेकीत नीरज चोप्राला २०२२ च्या जागतिक स्पर्धेत मागे टाकणारा अँडरसन पीटर्स हा इथला, त्यामुळे मुलाला शाळेत पहिल्याच आठवड्यात चिडवून झाले आणि मैत्रीही झाली. काळजी होती ती त्याच्या दम्याची. सहारा वाळवंटाची धूळ अटलांटिक ओलांडून इथवर येते हे मी भूगोलात कधी वाचले नव्हते. आकाश दुधाळ होते, समोरचा डोंगर पुसट दिसतो आणि मुलाचा श्वास वाजू लागतो. सरकारी मोठे रुग्णालय राजधानीत एकच आहे आणि अवघड दुखण्यांसाठी लोक त्रिनिदाद, बार्बाडोस किंवा मायामी गाठतात. एकदा त्याचा दम्याचा पंप संपत आला असताना तीन औषधालये फिरले आणि तिन्हीकडे तो नव्हता. चौथ्या ठिकाणी मिळाला. त्या दिवसापासून घरात सहा महिन्यांची औषधे असतात, आणि ‘वेड्यासारखे साठवतेस’ असे म्हणणारे यजमान त्या विषयावर पुन्हा बोललेले नाहीत.

२०२४ च्या उन्हाळ्याने पाण्याची बेगमी शिकवली. इथे जानेवारी ते मे कोरडा काळ. त्या वर्षी तो इतका कडक गेला की मे महिन्यात देशभर पाणीटंचाई जाहीर झाली, नळीने गाड्या धुण्यावर, बागांना पाणी घालण्यावर आणि पोहण्याचे तलाव भरण्यावर बंदी आली. आमच्या घरामागे काळी प्लास्टिकची टाकी होती, पण ती नळाच्या पाण्यावर भरणारी. कॅरियाकूवर नद्याच नाहीत. तिथली घरे छपरावरचे पावसाचे पाणी पन्हळींनी खाली आणून घराखालच्या हौदात साठवतात आणि वर्षभर तेच वापरतात. तिथून आलेल्या एका गवंड्याने आमच्या पत्र्यालाही पन्हळ लावून दिली. पागोळ्यांखाली घागरी लावणारी आजी मला त्या दिवशी फार आठवली. पाऊस यायची वाट आम्ही ज्या आतुरतेने पाहत होतो त्याच्या पोटात काय आहे, हे मात्र आम्हाला तेव्हा कळत नव्हते.

कारण इथली आगोटही एक जूनलाच लागते. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मोजला जातो. त्याविषयी इथे मुलांनाही एक तुकबंदी पाठ असते: जून म्हणजे फार लवकर, जुलैत तयार राहा, ऑगस्टमध्ये ती येणारच, सप्टेंबर लक्षात ठेवा, ऑक्टोबरमध्ये सगळे संपले. सप्टेंबर टँटींच्या चांगलाच लक्षात आहे. १९५५ च्या सप्टेंबरात ‘जॅनेट’ आले तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षे मोठे वादळ आले नाही. हे बेट वादळांच्या वाटेच्या दक्षिणेला आहे आणि देव ग्रेनाडाचाच आहे असे लोक म्हणू लागले. मग ७ सप्टेंबर २००४ रोजी ‘आयव्हन’ आले. ३९ माणसे गेली आणि दहांपैकी नऊ घरांची मोडतोड झाली. टँटी आणि त्यांचे यजमान न्हाणीघरात दाराला पाठ लावून बसले होते आणि वर पाहिले तेव्हा छप्पर नव्हते, आकाश होते. ‘छपराचे दुःख नाही, ते पुन्हा घालता येते,’ त्या मला म्हणाल्या, ‘माझी जायफळे गेली.’

जायफळ इथल्या राष्ट्रध्वजावर आहे. आयव्हनच्या आधी इंडोनेशियाच्या खालोखाल जगात ग्रेनाडाचाच क्रमांक लागे. त्या एका दिवसात बहुतेक झाडे आडवी झाली. जायफळाचे झाड फळायला सहा-सात वर्षे घेते, आणि ते नर आहे की मादी हे फुलल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे पाच वर्षे पाणी घातलेले झाड पुढे निरुपयोगी निघू शकते. पुष्कळ म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी पुन्हा लावलीच नाहीत. हे ऐकताना मला कोणी काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनवरून गेले तेव्हा माझ्या मामांची रोठा सुपारीची वाडी अशीच झोपली. सत्तरीतल्या माणसाने आता रोप कोणासाठी लावायचे, असे तेही म्हणाले होते. टँटींना मी मोबाइलवर त्या वाडीची छायाचित्रे दाखवली. त्यांनी ती बोटांनी मोठी करून बराच वेळ पाहिली आणि विचारले, ‘मग त्यांनी लावली का?’ मी म्हटले, ‘लावली.’ त्या उठून आत गेल्या आणि जायपत्रीची पुडी घेऊन आल्या.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी ‘बेरिल’ आले, तेही तुकबंदीतली सगळी वेळापत्रके मोडून. २९ जूनच्या शनिवारी आम्ही बार्बाडोसला चाललेला विश्वचषकाचा अंतिम सामना पाहत होतो आणि भारत जिंकल्यावर शेजाऱ्यांनी येऊन अभिनंदन केले; दुसऱ्या दिवशी सकाळी तेच शेजारी शिडी आणि फळ्या घेऊन आमच्या खिडक्या ठोकत होते. सोमवारी, १ जुलैला, सकाळी अकराच्या सुमारास ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने ते कॅरियाकूवर धडकले. आम्ही मुख्य बेटाच्या दक्षिण टोकाला राहतो; आमचे छप्पर राहिले, आंब्याची एक मोठी फांदी टाकीशेजारी पडली आणि वीज गेली. चौघे आणि टँटी असे पाच जण आम्ही न्हाणीघरात सहा तास बसलो होतो. वाऱ्याचा आवाज कसा होता ते मला लिहिता येणार नाही. मुलगा मात्र अजूनही मिक्सर लावला की खोलीबाहेर जातो. (होय, मिक्सर आता पुन्हा घेतला आहे.)

महाराष्ट्रात बेरिलचे नाव घरोघरी पोचले ते रोहित शर्माचा संघ बार्बाडोसला अडकून पडला म्हणून. फोन लागू लागले तेव्हा चिपळूणहून, पुण्याहून, ठाण्याहून प्रत्येकाने आधी आमची चौकशी केली आणि लगेच ‘टीम कशी आहे?’ असे विचारले, जणू ती आमच्याच माळ्यावर मुक्कामाला होती. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली त्या दिवशी आम्ही कॅरियाकूला जाणारे खोके भरत होतो. अर्ध्या तासात ते बेट सपाट झाले, असे पंतप्रधान डिकन मिचेल यांनी सांगितले होते, आणि नंतर आलेल्या छायाचित्रांत डोंगरांवरच्या झाडांना एक पान उरलेले दिसत नव्हते. आमची पन्हळ लावणारा गवंडी तिथला. त्याची माणसे वाचली, घराचा हौद वाचला, त्यावरचे घर गेले.

मी वहीत पाहून जमवलेली पहिलीवहिली आगोट अशी महिन्याभरात संपली. तांदूळ, डाळ, मीठ, काडेपेट्या, मेणबत्त्या, साबण सगळे खोक्यांतून राजधानीच्या धक्क्यावर गेले. औषधांचा डबा तेवढा मी ठेवून घेतला आणि त्याची मला थोडी लाज वाटली. आजीच्या आगोटीतही दरवर्षी एक कणगी अशी असे की जी आम्ही संपवत नसू. ती कोणाची, हे मी तेव्हा विचारले नव्हते. आईला फोनवर विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘ज्याचे घर पावसात पडेल त्याची.’

त्या आठवड्यात आमच्या अंगणात ऑइल डाउन शिजले. एका मोठ्या पातेल्यात नीरफणसाच्या फोडी, खारवलेले मासे, कच्ची केळी, वर कॅललूची पाने आणि हळद घातलेले नारळाचे दूध. दूध आटून तेल तळाशी उतरले की झाले, म्हणून ते नाव. ज्याच्या घरात जे उरले होते ते त्याने आणले. मी अळूवड्या केल्या. पानाला पीठ लावून ते गुंडाळणारी बाई पाहून सगळे हसले, आणि मग वड्या चार मिनिटांत संपल्या.

आता २०२५ चा जून आला आहे. यंदाची यादी मुलीने तिच्या हाताने लिहून फ्रीजवर लावली आहे, वर मराठीत ‘आगोट’ आणि खाली इंग्रजीत बाकी सगळे. टँटी तो शब्द ‘आगूत’ असा म्हणतात आणि बाजारात भेटणाऱ्या बायकांना त्याचा अर्थ सांगतात. टाकी धुऊन झाली, पन्हळीतली पाने काढली, सिलिंडर दोन आहेत, दम्याचे पंप सहा आहेत, कुकरच्या रिंगा आईने येणाऱ्या एका प्राध्यापकांबरोबर पाठवल्या. टाकीचे झाकण बांधायची जाड दोरी तेवढी राहिली आहे. ती जिथे मिळते त्या दुकानाचे जहाज गुरुवारी येणार आहे.